विमानाचं काम हवं की विमानाच्या नावाची पदवी?

मे-जून आला की मुळशीतल्या चांदे गावातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी कुणीतरी येतंच. बारावी झालेली असते, सीईटीचे पर्सेंटाइल मोबाइलवर असतात आणि बाप पोराला पुढे घालून आणतो. मी हिंजवडीत एकवीस वर्षं विमानाच्या पंखांची आणि धडाची गणितं केली, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या वेळी आलेल्या शेजाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच विषय काढला, "दादा, पोराला एरोस्पेसला घालायचं म्हणतोय. चार वर्षांचे पंधरा-सोळा लाख सांगत्यात. रस्त्याकडंचे तीन गुंठे काढले की भागतंय. पण पुढं नोकरी लागंल का?"

गुंठे काढायच्या आधी विचारलं, हे त्यांनी फार चांगलं केलं. बहुतेक जण फी भरून झाल्यावर येतात.

त्यांना जे सांगितलं ते इथे आणखी भर घालून लिहितो. पहिली गोष्ट अशी, की विमानाच्या धंद्यात काम मिळवायला विमानाच्या नावाची पदवी लागतेच असं नाही. मी स्वतः मेकॅनिकलचा. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा प्रॉडक्शनचा, त्याच्या पलीकडची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची. एरोस्पेसवालेही होते, पण मोजके, आणि त्यातले बरेचसे एम.टेक. करून आलेले. विमान ही एकट्या शाखेची मक्तेदारी कधी नव्हतीच. वसंत गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले, पण ते मुळात रसायन अभियंते. अग्निबाणाचं घन इंधन हा त्यांचा प्रांत. कोल्हापूर भागातून आलेले विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटलसारख्या गुरूकडे वायुगतिशास्त्र शिकले आणि १९५१ मध्ये त्यांनी रचलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं. म्हणजे खोल शास्त्र शिकलेला माणूसही लागतो आणि दुसऱ्याच दारातून आलेलाही लागतो. प्रश्न एवढाच, की तुमचा मुलगा यातला कोणता.

हे ठरवायचं तर काम रोज कसं दिसतं ते आधी बघायला हवं. पोस्टरवर असतं ते लढाऊ विमान. टेबलावर असतं ते रिव्हेटचं एक छिद्र. आमच्याकडे सकाळी युरोपातून एक मेल यायची: अमुक विमान, अमुक फ्रेम, कामगाराचा ड्रिल सरकला. छिद्राचा व्यास ४.८ मिलिमीटर. नियम असा, की छिद्राच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान व्यासाच्या दुप्पट अंतर हवं, म्हणजे ९.६ मिलिमीटर. मोजलं तर भरलं ८.१. आता हा भाग तसाच वापरायचा, की पट्टी मारून दुरुस्त करायचा, की भंगारात टाकायचा? विमान असेम्ब्ली लाइनवर थांबलेलं असतं आणि उत्तर संध्याकाळपर्यंत हवं असतं. मग तिथे येणारा भार काढायचा, सेवाकाळात येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार आला तरी पत्रा कडेकडून फाटणार नाही ना हे तपासायचं, शेजारचे रिव्हेट किती ओझं उचलतात ते बघायचं, हजारो उड्डाणांनंतर तिथून तडा निघेल का याचा वेगळा हिशेब मांडायचा. शेवटी दोन पानांचा अहवाल आणि खाली सही. त्या सहीसाठीच पगार मिळतो. धंद्याच्या बोलीत याला 'कन्सेशन' म्हणतात आणि पुणे-बंगळूरमधल्या शेकडो स्ट्रेस इंजिनिअरांचं घर त्यावर चालतं. त्यासाठी लागतं काय? स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स पक्कं, फायनाइट एलिमेंटची समज आणि नॅस्ट्रॅन, हायपरमेश, कॅटिया या सॉफ्टवेअरवर हात. यातलं पहिलं मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला असतं आणि मुलाखतीत नव्वद टक्के पोरं तिथेच आपटतात. कॅन्टिलिव्हर बीमचा बेंडिंग मोमेंट काढ म्हटलं की सॉफ्टवेअर उघडायला धावतात. नव्वद हा माझा अंदाज, मोजणी नव्हे. पण मी अशा मुलाखती पुष्कळ घेतल्या आहेत.

आता आपल्या गावाच्या आसपासचं बघू. आपण पुण्याला सूस रस्त्याने जातो तेव्हा नांदे, सूस ओलांडून सुतारवाडी लागते. तिथे डीआरडीओची उच्च ऊर्जा पदार्थ प्रयोगशाळा, एचईएमआरएल. अग्निबाण आणि क्षेपणास्त्रांची इंधनं हा तिचा विषय. थोडं पुढे पाषाणला एआरडीई, पिनाक रॉकेट प्रणाली जिने घडवली ती संस्था. गावातली माणसं वर्षानुवर्षं त्या भिंतींशेजारून दूध नि भाजी घेऊन गेली, आत काय चालतं याची चौकशी कुणी केली नाही. तिथे केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, केमिस्ट्री अशी सगळी माणसं लागतात. शास्त्रज्ञ 'बी' या पदाचा रस्ता गेट परीक्षा आणि मुलाखतीतून जातो. मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. एरोनॉटिकलच्या जागा असतात, पण मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सपुढे त्या थोड्या.

इस्रोचं तर याहून स्पष्ट आहे. शास्त्रज्ञ-अभियंता 'एससी' पदाच्या नेहमीच्या मोठ्या जाहिराती बघा: इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर. एरोस्पेसवाल्यांसाठी वेगळ्या जागा निघतात, पण बहुधा एम.टेक.वाल्यांना आणि हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. इस्रोचं नाव ऐकूनच एरोस्पेस घेतलेला मुलगा चौथ्या वर्षी ती जाहिरात वाचतो, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. इस्रोतच जायचं असेल तर सरळ वाट तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीची. ही संस्था २००७ मध्ये इस्रोसाठी माणसं घडवायलाच निघाली. प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणांवर, आणि ठरलेली श्रेणी राखणाऱ्यांना जागा असतील त्याप्रमाणे इस्रोत घेतात. जेईई अॅडव्हान्स्ड म्हटल्यावर आमचे शेजारी गप्प झाले. पोरगा त्याच्याही आधी झाला होता.

मेकॅनिकलचा आणखी एक फायदा घरात कुणी बोलत नाही. एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेत स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत या शाखा चालतात. तेल कंपन्या, वीज कंपन्या, रेल्वे यांच्या जाहिरातींतही यांत्रिकी असतेच. एरोस्पेसच्या पदवीला तिथे 'समकक्ष आहे का' म्हणून अर्ज-विनंत्या करत बसावं लागतं. उलट मेकॅनिकलवाला एचएएललाही अर्ज करू शकतो आणि डीआरडीओलाही. हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत अधिकाऱ्याच्या हुद्द्याचं नाव 'एरोनॉटिकल इंजिनिअर' आहे, पण एफकॅट देऊन तिथेसुद्धा मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं जातात. एक दार उघडायला बाकीची पाच लावून घ्यायची, तर त्या दारामागे काय आहे ते आधी डोकावून बघावं.

महाराष्ट्रात काम आहे, पण ते विखुरलेलं आहे. ओझरचा एचएएल कारखाना १९६४ पासूनचा. मिग तिथे झाले, सुखोई-३० झाली. १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस एमके-वन-ए तिथून पहिल्यांदा उडालं. तेजसची ऑर्डर आधी ८३ विमानांची होती, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ ची भर पडली, म्हणजे लाइन बरीच वर्षं चालणार. पण अमेरिकेतून येणारी इंजिनं रखडली की सगळंच रखडतं, हेही गेल्या काही वर्षांत दिसलं. नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडिया इंजिनिअरिंगचा देखभाल तळ आहे आणि दसॉ-रिलायन्सचा कारखाना. फाल्कन २००० हे बिझनेस जेट तिथे जोडायचं ठरलंय. टाटांच्या नागपूरच्या कारखान्यातून बोइंग ७८७ च्या फ्लोअर बीम जातात. विक्रोळीला गोदरेज विकास इंजिनं बनवतं, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर इस्रोच्या अग्निबाणांची मोटार केसिंग करतं. साखर कारखान्याची यंत्रं करणारा कारखाना अग्निबाणाकडे वळला, हा प्रवास कुणीतरी सवडीने लिहायला हवा. महापेची आयडियाफोर्ज ड्रोन करते. आणि कोल्हापूर-गडहिंग्लजच्या मुलांना जवळचं म्हणजे बेळगावजवळ हत्तरगीचं एक्वस: २५० एकरांवर फोर्जिंग, मशिनिंग, सरफेस ट्रीटमेंट, आणि माल एअरबस-बोइंगला.

या यादीत एक गोष्ट ध्यानात आली का? बहुतेक ठिकाणी विमानाचं डिझाइन होत नाही, विमान किंवा त्याचे भाग बनतात. डिझाइनच हवं असेल तर मुलाला बंगळूर किंवा हैदराबादला पाठवायची तयारी ठेवा. एडीए, एनएएल या सरकारी संस्था आणि एअरबस, जीई तिकडे. बोइंगने जानेवारी २०२४ मध्ये देवनहळ्ळीला ४३ एकरांचा कॅम्पस उघडला. खासगी रॉकेट कंपन्यांतली स्कायरूट हैदराबादची. तिचं विक्रम-एस नोव्हेंबर २०२२ मध्ये उडालं. अग्निकुल चेन्नईची. पुण्यात हिंजवडी, खराडी, हडपसरकडे सेवा कंपन्यांतून डिझाइनचे तुकडे येतात: एक रिब, एक ब्रॅकेट, एक हार्नेस. त्यावर संसार होतो. माझा झाला.

बनवण्याचं काम म्हटलं की बापांचा चेहरा पडतो. "कारखान्यातच घालायचं तर इंजिनिअरिंग कशाला?" त्यांच्यासाठी एक दृश्य सांगतो. मुळशीतल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये मालकाने मला एक ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट दाखवला. तळहाताएवढा, आरशासारखा. माप ड्रॉइंगप्रमाणे, छिद्रं शंभर टक्के बरोबर, धारा हाताने मोडलेल्या. तरीही रिजेक्ट. कारण? पाच नगांचे तुकडे करवतीवर कापताना कुणीतरी हीट नंबरचा टॅग दुसऱ्या डब्यात टाकला. म्हणजे हा धातू कोणत्या भट्टीच्या कोणत्या घाण्यातला, हे आता सांगता येत नाही. विमानात ज्याचं गोत्र सांगता येत नाही तो भाग बसत नाही. पाचही नग मालकाने स्वतःच्या हाताने लाल रंगाने फासले, भंगारातून चुकूनही कुणी परत उचलू नयेत म्हणून. या धंद्यातला क्वालिटी इंजिनिअर म्हणजे हे गोत्र सांभाळणारा माणूस. एएस ९१०० ही विमानधंद्याची गुणवत्ता-पद्धत, पहिल्या नगाचा तपासणी अहवाल, सीएमएम या मोजणी यंत्रावरचं मोजमाप, भाग न तोडता करायची एनडीटी चाचणी: यांत चार वर्षं घालवलेल्या डिप्लोमावाल्याला बोलावून नेतात. आयटीआयचा फिटर किंवा मशिनिस्ट ओझरला अप्रेंटिसशिप करून फाइव्ह-अॅक्सिस मशिनवर बसला, तर पहिल्या काही वर्षांत तो साध्या कॉलेजच्या एरोस्पेस पदवीधराच्या पुढे असतो. हे लग्नाच्या बाजारात चालत नाही, एवढीच त्याची खोट.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. 'एरोनॉटिकल इंजिनिअर' वेगळा आणि 'एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर' वेगळा. पहिल्याकडे विद्यापीठाची पदवी असते. दुसऱ्याकडे डीजीसीएचं लायसन असतं, आणि विमान उडायला सज्ज आहे असा दाखला त्यावर सही करून तोच देतो. बी.टेक. एरोस्पेसवाल्याला ती सही करता येत नाही. एअरलाइनच्या हँगरमध्ये काम करायचं स्वप्न असेल तर बी.टेक. हा आडरस्ता आहे. त्यासाठी बारावी विज्ञानानंतर डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता असलेल्या संस्थेत शिकायचं, मॉड्यूल एकेक करून सोडवायची, प्रत्यक्ष विमानांवर अनुभव भरायचा. जेट विमानाच्या यांत्रिक बाजूला बी-१.१, एव्हिऑनिक्सला बी-२. मग ए-३२० किंवा ७३७ अशा विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग. हा रस्ता कष्टाचा, शिफ्टचा, रात्रपाळीचा. पण एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, ती विमानं कुणीतरी तपासणारच ना.

काही संस्था हे दोन्ही शब्द मुद्दाम एकमेकांत कालवून विकतात. माझा एक मावसभाऊ असाच अडकला. पत्रकावर विमान, आत एअर होस्टेससारखे कपडे घातलेली रिसेप्शनिस्ट, आवारात एक जुनं सेसना. तीन वर्षांनी कळलं की संस्थेची मान्यता एका विभागापुरती होती आणि हा बसला होता दुसऱ्यात. तेव्हा डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, ती स्वतः उघडून बघा. संस्थेचं नाव, कॅटेगरी आणि मुदत, तिन्ही. काउन्सिलरने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो नको.

परदेशाचंही सांगायला हवं, कारण गावात आता बऱ्याच घरांत पैसा आहे आणि अमेरिकेत एम.एस. ही पहिली कल्पना असते. अमेरिकेत शिक्षण उत्तम मिळेल. पण रॉकेट, उपग्रह, लढाऊ विमान यांचं बरंचसं काम तिथल्या निर्यात-नियंत्रण कायद्याखाली, आयटारखाली येतं, आणि त्या कामावर नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक यांनाच घ्यायचं असा कंपन्यांचा साधा हिशेब असतो. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाचा अर्ज पहिल्या चाळणीतच गळतो. म्हणून मास्टर्स एरोस्पेसमध्ये केलेली आपली मुलं तिकडे शेवटी मोटारी, पवनचक्क्या, सॉफ्टवेअर यांत दिसतात. वाईट काही नाही त्यात, फक्त कर्ज काढताना हे माहीत असावं. युरोपात दारं जरा जास्त उघडी असतात: डेल्फ्ट, तुलूझ, हँबर्ग. तिथे स्थानिक भाषा मात्र गंभीरपणे शिकावी लागते.

आणि हा धंदा ऐटीत चालतो तसा आडवाही पडतो. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली, एअरबसने जून महिन्यात १५,००० माणसं कमी करायचं जाहीर केलं आणि त्याची लाट आमच्या मजल्यापर्यंत आली. ज्या टीममध्ये मी होतो तिथल्या निम्म्या खुर्च्या चार महिन्यांत रिकाम्या झाल्या. कोण टिकलं? ज्यांना स्ट्रेसबरोबर थोडं पायथन येत होतं ते, आणि ज्यांचा हात ऑटोमोबाइलमध्येही चालत होता ते. 'मी फक्त विमानाचंच करणार' म्हणणारा एक हुशार मुलगा दीड वर्ष घरी बसला. पुढे तो परत आला, पण ते दीड वर्ष त्याच्या बायकोने काढलं.

मग एरोस्पेसची पदवी घ्यायचीच नाही का? घ्यायची, जर आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी मिळत असेल, किंवा मुलाला गणिताची खरोखर भूक असेल आणि एम.टेक., पीएच.डी.पर्यंत जायची तयारी असेल. वायुगतिशास्त्र, प्रॉपल्शन, कंट्रोल्स यांत मेकॅनिकलवाला अर्ध्यावर थांबतो, तिथून पुढे तोच मुलगा लागतो. खासगी कॉलेजात घालायचं असेल तर आधी एकदा स्वतः जा. विंड टनेल आहे का एवढं विचारू नका, तो चालू करून दाखवा म्हणा. धूळ किती आहे ते बघा. आणि प्लेसमेंटच्या फलकावर कंपन्यांचे लोगो मोजण्यापेक्षा, मागच्या बॅचचा कोणता मुलगा कोणत्या हुद्द्यावर लागला हे विचारा. एरोस्पेसच्या साठांतले चाळीस टेस्टिंग आणि सपोर्टच्या आयटी नोकऱ्यांत गेले असतील, तर ती नोकरी कमी फीच्या शाखेतूनही मिळाली असती.

आमच्या पुण्यातलं सीओईपी बघा. तिथे एरोस्पेसची शाखा नाही. तरी तिथल्या मुलांनी आठेक वर्षं, एका बॅचने दुसरीच्या हाती देत, 'स्वयम्' नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह बांधला आणि २२ जून २०१६ ला तो पीएसएलव्ही सी-३४ वरून अवकाशात गेला. इंधन न जाळता, आतल्या चुंबकाच्या जोरावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून आपली दिशा राखायची, असा त्यामागचा विचार. मुलाखतीला असा मुलगा आला की आम्ही गुणपत्रिका बाजूला ठेवून त्याला उपग्रहाबद्दलच विचारत असू, आणि तो खोटं बोलतोय की खरं ते पाच मिनिटांत कळायचं. सीओईपी मिळायला हवं असं नाही. ड्रोन, आरसी विमान, एसएई किंवा रॉकेट क्लब, जे असेल त्यात घुसायचं आणि चार्ट बनवणारा न राहता सोल्डरिंग करणारा व्हायचं.

सीओईपी, दसॉ हे सगळं शेजाऱ्यांना त्या रविवारी सांगितलं नाही. त्यांना तीनच कामं दिली. सीईटीच्या कॅप राउंडमध्ये मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स वर टाका, त्यातही फीच्या मानाने बरं कॉलेज बघा. जूनचे पंधरा दिवस पोराला त्या वर्कशॉपमध्ये नुसतं उभं करा. मालकाशी मी बोलतो. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, एचएएलचं नाव घेऊन किंवा इस्रोचं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पोरगा पंधरा दिवस गेला. सोळाव्या दिवशी संध्याकाळी आला आणि म्हणाला, "काका, व्हर्नियरचा झीरो एरर त्या लोकांनी मला तीन दिवस शिकवला. कॉलेजात एका तासात झाला होता." गुंठे अजून त्यांच्याच नावावर आहेत.